यंत्र उघडणारा हात



जुने महजर ज्यांनीं पाहिले असतील त्यांना एक गोष्ट आठवत असेल. वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे, दोन्ही बाजूंच्या साक्षी होत आणि अखेरीस निर्णयाचा कागद लिहिला जाई. त्या कागदाच्या शेवटीं जमलेल्या मंडळींच्या निशाण्या असत. पाटलाच्या नांवापाशीं नांगर असे. बलुतेदार आपापल्या धंद्याचें हत्यार काढीत. ज्याला अक्षर येत नसे त्याचीही साक्ष त्या हत्याराच्या चित्रानें कागदावर उभी राही. ही साक्ष कोणत्या हाताची, हें कागद पाहतांच समजे. अहमदनगरच्या निजामशाहींत आणि पुढें मराठ्यांच्या राज्यांत या मुलखांतले कितीतरी तंटे अशाच कागदांवर मिटले.

निजामशाहीची राजधानी असलेल्या त्या शहराला आणि त्याच्या जिल्ह्याला २०२४ सालापासून अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे. बोलतांना लोक अजून ‘नगर’च म्हणतात. या नगरांत आज सावेडीच्या रस्त्यानें किंवा प्रोफेसर कॉलनीच्या चौकांतून जाऊं लागलें, तर संगणक आणि मोबाइल दुरुस्त करणारीं दुकानें दिसतात. लहानसें मेज, त्यावर भिंग लावलेला दिवा, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि उघडून ठेवलेलीं यंत्रें. गिऱ्हाईक आपला फोन मेजावर ठेवतें, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून देतें आणि ‘संध्याकाळीं येतों’ असें सांगून निघून जातें. त्या एका चिठ्ठीनें त्यानें आपलीं पत्रें, बँकेचा हिशेब, लग्नकार्याचीं छायाचित्रें, डॉक्टरांचे अहवाल आणि एखादे वेळीं कोर्टांत लागणारा पुरावाही एका अपरिचित माणसाच्या हवालीं केलेला असतो. सोनाराकडे तोळाभर सोनें देतांना आपण वजन करून पावती घेतों. येथें मात्र घरच्या कपाटाची किल्ली देतांना आपण कांहींच विचारीत नाहीं.

हा यंत्र उघडणारा कारागीर कायद्याच्या दृष्टीनें कोण? त्याचे हक्क कोणते आणि त्याचीं कर्तव्यें कोणतीं? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर सुमारें दोनशे वर्षें मागें जावें लागतें. कारण नव्या यंत्रावर कायद्यानें नजर ठेवावी, ही गोष्ट संगणकापासून सुरू झालेली नाहीं.

आपल्याकडे अशा रीतीनें कायद्याच्या नजरेखालीं आलेलें एक आरंभींचें यंत्र म्हणजे छापखाना. १८३५ च्या अकराव्या कायद्यानें, ज्याला मेटकाफसाहेबांचा कायदा म्हणत, छापण्यावरचीं जुनीं जाचक बंधनें काढून टाकलीं. परंतु ज्याच्या ताब्यांत छापखाना असेल त्यानें मॅजिस्ट्रेटापुढें तसें प्रतिज्ञेवर लिहून द्यावें, ही अट घातली. त्यानंतर सातच वर्षांनीं, १८४२ सालीं, अमेरिकन मिशननें नगर येथें ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केलें. मिशनचे पाद्री आणि त्यांचे प्रतिपक्षी यांचे वाद कितीही तीव्र झाले, तरी मजकूर कोणत्या छापखान्यांतून निघाला हें सरकारास ठाऊक असे. १८६७ च्या कायद्यानें हीच रीत पुढें चालविली आणि २०२४ च्या मार्च महिन्यांत नवा नियतकालिक कायदा अमलांत येईपर्यंत ती टिकली. मात्र या सर्व काळांत कायद्यानें ओळखला तो छापखान्याचा धनी. खिळे जुळविणारा जुळारी, ज्याच्या हातांखालून प्रत्येक मजकूर सर्वांच्या आधीं जात असे, तो कायद्याच्या दृष्टीस पडला नाहीं.

रेडिओची कथा घरांतल्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्यानें परवान्यावांचून असें यंत्र जवळ बाळगणें हा गुन्हा ठरविला. पोस्टांत जाऊन दरसाल शुल्क भरावें आणि परवाना नवा करून आणावा, हा मध्यमवर्गीय घरांतला एक नेमच होऊन बसला होता. १९८० नंतरच्या दशकांत ती अट उठली. तेथेंही कायद्यानें पकडलें तें यंत्र आणि त्याचा मालक.

छापखाना आणि रेडिओ यांच्या मधल्या काळांत, १ सप्टेंबर १८७२ या एकाच दिवशीं, हिंदुस्थानांत दोन मोठे कायदे अमलांत आले: एक कराराचा आणि दुसरा पुराव्याचा. आपल्या विषयाचीं दोन्ही मुळें त्या दिवसांत आहेत. कराराच्या कायद्यांत ‘निक्षेप’ नांवाचें प्रकरण आहे. एखादी वस्तु कांहीं कामाकरितां दुसऱ्याच्या स्वाधीन करावी आणि काम झाल्यावर ती परत घ्यावी, हा निक्षेप. असा माल ज्याच्याजवळ असेल त्यानें, एखादा शहाणा मनुष्य स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेतो, तेवढी घेतली पाहिजे. काम पुरें केल्यावर मजुरी मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्कही त्याला आहे. आणि त्यासाठीं कायद्यांत उदाहरणें दिलीं आहेत तीं हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचें आणि कोट शिवणाऱ्या शिंप्याचें. हा कायदा आजही चालू आहे आणि सावेडीच्या दुकानांतला आपला कारागीर त्याच्याच कक्षेंत येतो. फोनची कांच फुटली, भाग हरवला, तर उत्तर द्यावयास तो बांधलेला आहे.

परंतु हिऱ्याच्या पोटांत दुसरें कांहीं दडलेलें नसतें आणि कोटाच्या कापडावर कोणाचा पत्रव्यवहार लिहिलेला नसतो. संगणकाचें मोल त्याच्या पत्र्यांत नसून पोटांत आहे. आणि पोटांतली वस्तु अशी, कीं ती चोरली तरी जागची हलत नाहीं. नक्कल काढून घेतली, तरी धन्याला आपलें सर्व कांहीं जेथल्या तेथें दिसतें. अशा चोरीची कल्पना १८७२ च्या शिंप्याच्या उदाहरणांत असणें शक्य नव्हतें.

दुसरा कायदा पुराव्याचा. त्याचें मुख्य तत्त्व सोपें होतें: मूळ कागद हा पहिल्या दर्जाचा पुरावा, नक्कल दुय्यम. कागदाच्या जगांत हें तत्त्व नीट चाललें. ध्वनिफीत आली तेव्हां पहिला पेंच पडला. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें मुंबईचा एक खटला आला. महानगरपालिकेच्या एका कारकुनास लांच देऊं केल्याचा तो आरोप होता. पोलिसांनीं खोलींत ध्वनिग्राहक लपवून तें बोलणें फितीवर उतरविलें होतें. आणि आंतल्या खोलींत पोलिसांसमवेत एक रेडिओ-मेकॅनिकही बसला होता. न्यायालयानें फीत पुराव्यांत घेतली, परंतु एक इशारा दिला. फीत पुसतां येते आणि पुन्हां वापरतां येते. म्हणून असा पुरावा जपून घेतला पाहिजे. त्या खटल्यांतली फीत मोहोरबंद केलेली नव्हती, आणि जेथें मोहोर नाहीं तेथें फेरफाराची शंका सहजच उभी राहते, हेंही न्यायालयानें सांगितलें. पुढें १९७२ सालीं, मुंबईच्या कॉरोनराविरुद्धच्या लांचलुचपतीच्या खटल्यांत, याच विचारास निश्चित रूप आलें: बोलणें विषयाला धरून असावें, आवाज ओळखलेला असावा आणि फितींत खाडाखोड झालेली नाहीं हें सिद्ध व्हावें.

आंतल्या खोलींतल्या त्या रेडिओ-मेकॅनिककडे जरा थांबून पाहण्यासारखें आहे. यंत्र जाणणारा माणूस न्यायदानाच्या इतक्या जवळ येऊन बसला होता. तरी त्याच्या हातासाठीं वेगळा नियम कोणीं केला नाहीं. नियम झाला तो फितीसाठीं.

यानंतर संगणक आला. त्याविषयींचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजीं अमलांत आला आणि त्यानें पुराव्याच्या जुन्या कायद्यांत कलम ६५-ब घातलें. संगणकांतून काढलेली प्रत न्यायालयांत द्यावयाची असेल, तर तें यंत्र किंवा तें काम ज्याच्या जबाबदारींत होतें अशा माणसाचा दाखला तिच्यासोबत असावा, असें तें कलम सांगत होतें. त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणें मालकाच्या परवानगीवांचून संगणकांत शिरणें किंवा त्यांतील मजकूर उतरून घेणें याबद्दल भरपाई द्यावी लागते. २००८ सालच्या दुरुस्तीनें, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, तेंच कृत्य अप्रामाणिकपणें केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. आणि करारानें काम करणाऱ्यानें हातीं आलेली खासगी माहिती, दुसऱ्याचें नुकसान व्हावें या हेतूनें किंवा तसें होईल हें ठाऊक असतां, संमतीवांचून बाहेर फोडणें हाही गुन्हा ठरविला. केंद्र सरकारनें इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे अधिकृत परीक्षक नेमावेत, अशी तरतूदही याच दुरुस्तीनें केली. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनीं महाराष्ट्रांत जिल्ह्याजिल्ह्यांतून पोलिसांच्या सायबर प्रयोगशाळा सुरू झाल्या.

म्हणजे अपराध करणाऱ्या हातासाठीं शिक्षा झाली आणि सरकारी परीक्षकासाठीं अधिकार झाला. पण जो अपराधी नाहीं आणि सरकारी परीक्षकही नाहीं, अशा साध्या दुरुस्तीवाल्यानें काम कसें करावें, हें कोणीं सांगितलें नाहीं. त्याचें काम काय असतें, हें पाहिल्यावांचून ही उणीव किती मोठी आहे तें कळणार नाहीं.

तलाठ्याच्या दप्तराची कल्पना करा. रुमालांत शेंकडों कागद आणि वर एक अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेंतली एक ओळ खोडली, तर तो कागद सांपडेनासा होतो. परंतु रुमालांत तो असतोच. जुन्या पद्धतीच्या फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून आपण एखादी फाइल ‘पुसतों’, तेव्हां बहुधा एवढेंच घडतें. त्या जागीं दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत जाणता कारागीर ती पुन्हां वर काढूं शकतो. म्हणून गेलेली माहिती परत हवी असेल, तर त्या यंत्रावर नवीन कांहीं लिहूं नये, हा या विद्येचा पहिला धडा. चकतीवरून लेखण-टोंक केसाहूनही कमी अंतरावरून फिरत असतें. म्हणून ती उघडावयाची तर निर्धूळ खोलींतच. नव्या, न फिरणाऱ्या डिस्कची तऱ्हा निराळी: पुसलेली जागा ती स्वतःच मागाहून साफ करून टाकते, आणि मग परत येण्यासारखें फारसें उरत नाहीं.

न्यायालयासाठीं काम करणारा परीक्षक याच्याही पुढें जातो. तो मूळ डिस्कला एक अडसर लावतो, ज्यामुळें तिच्यावर एक अक्षरही लिहिलें जाऊं नये; मग तिची अक्षरशः हुबेहूब प्रत काढतो आणि पुढचें सर्व काम त्या प्रतीवर करतो. मूळ आणि प्रत या दोहोंवरून गणितानें एकेक आंकडा काढतात, त्याला ‘हॅश’ म्हणतात. एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हा आंकडा पार बदलून जातो. १९६७ च्या खटल्यांत जी मोहोर नव्हती, तीच ही. येथें ती लाखेऐवजीं गणिताची आहे.

आतां दुरुस्तीवाल्याचें आणि परीक्षकाचें काम एकमेकांच्या किती उलट आहे तें पाहा. दुरुस्तीवाल्यास यंत्र चालू करून दाखवावयाचें असतें. परीक्षकास तें जसें होतें तसें जपावयाचें असतें. समजा, पारनेर तालुक्यांतल्या एका शेतकऱ्याच्या फोनमध्यें जमिनीच्या व्यवहाराचें बोलणें ध्वनिमुद्रित आहे. फोन पाण्यांत पडला. तो नगरास दुकानांत आणला. कारागिरानें प्रामाणिकपणें मेहनत केली, बोलणें वांचविलें, पेनड्राइव्हवर घालून दिलें आणि निकामी फोन मोडींत टाकला. गिऱ्हाईक खूश, कारागीरही खूश. दोन वर्षांनीं दावा उभा राहिला तेव्हां कळतें, कीं मूळ नाहींसें झालें, हातीं आहे ती नक्कल, तिच्यावरची तारीख निराळी आणि ती कशी काढली याची कोठें नोंद नाहीं. येथें कोणीं लबाडी केलेली नाहीं. काम करणाऱ्या हातास त्याचें कर्तव्य कोणीं सांगितलेलें नव्हतें, एवढ्यानेंच एका घराचा पुरावा गेला.

मूळ आणि नक्कल यांतला हा भेद किती निर्णायक ठरतो, हें आपल्या महाराष्ट्रांतल्याच एका दाव्यानें सर्व देशाला शिकविलें. नगर आणि जालना हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या खंडपीठाखालीं येतात, जें १९८१ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सुरू झालें. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत जालन्याहून अर्जुन खोतकर २९६ मतांनीं निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचें म्हणणें असें, कीं २७ सप्टेंबर २०१४ रोजीं दुपारीं तीन वाजतां मुदत संपल्यावर खोतकरांचे उमेदवारी अर्ज घेतले गेले. निवडणूक कचेरीच्या आंतबाहेर कॅमेरे होते. त्यांचें चित्रण तबकड्यांवर होतें. तबकड्या मिळाल्या, परंतु कलम ६५-ब चा दाखला मागूनही अधिकाऱ्यांनीं दिला नाहीं. खंडपीठानें अधिकाऱ्यांची तोंडी साक्ष पुरेशी मानली आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजीं निवडणूक रद्द ठरविली.

या दाखल्याविषयीं सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल तोंवर एका दिशेचे नव्हते. २००५ सालीं दाखल्यावांचूनही चालेल असें ठरलें. २०१४ सालीं तो हवाच असें ठरलें. २०१८ सालीं, यंत्र ज्याच्या ताब्यांत नाहीं त्याला सूट असावी असें ठरलें. अखेर १४ जुलै २०२० रोजीं जालन्याच्या प्रकरणांत तीन न्यायमूर्तींनीं हा गुंता सोडविला. प्रत द्यावयाची तर दाखला अनिवार्य. पण मूळ यंत्रच न्यायालयांत आणून त्याच्या मालकानें साक्ष दिली, तर दाखल्याचें कारण नाहीं. आणि ज्यानें दाखला मिळविण्यासाठीं शक्य तें सर्व केलें, त्याला अशक्य गोष्ट न केल्याचा दोष लावूं नये. गोरंट्याल यांना या शेवटच्या तत्त्वाचा लाभ झाला आणि खंडपीठाचा निकाल कायम राहिला. तोंपर्यंत त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती.

आपल्या पारनेरच्या शेतकऱ्याला हा निकाल लावून पाहा. निकामी फोन मोडींत गेला नसता, तर निदान मूळ वस्तु दाखवितां आली असती. एका जुन्या पट्टीची किंमत कधीं कधीं अशी असते.

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन त्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलम ६५-ब चें काम आतां त्याचें कलम ६३ करतें. नवी गोष्ट अशी, कीं दाखल्याचा नमुना कायद्याच्याच परिशिष्टांत छापला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग यंत्र ज्याच्या ताब्यांत होतें त्यानें भरावयाचा. ‘ब’ भाग तज्ज्ञानें. हॅशचा आंकडा आणि तो कोणत्या रीतीनें काढला, हेंही त्यांत लिहावयाचें आहे. हें पाऊल चांगलें आहे. परंतु ‘ब’ भागावर सही करणारा तज्ज्ञ कोण, याची व्याख्या त्या कलमांत नाहीं. सरकारनें अधिसूचित केलेलाच परीक्षक हवा, कीं जाणता खासगी कारागीरही चालेल, हा प्रश्न खालच्या न्यायालयांतून वारंवार उभा राहण्यासारखा आहे. दीडशे वर्षांनीं कायद्याचा हात यंत्र उघडणाऱ्या हाताला लागला आहे; पण ओळख अजून पटलेली नाहीं.

ही अडचण आपल्याच देशाची नाहीं. १९९७ सालीं इंग्लंडांतल्या एका लोकप्रिय गायकानें संगणक दुरुस्तीस दिला, तेव्हां कारागिरांना त्यांत बालकांवरील अत्याचाराचीं चित्रें आढळलीं. त्यांनीं पोलिसांना कळविलें आणि १९९९ सालीं गायकास शिक्षा झाली. २००८ च्या आरंभीं हाँगकाँगमध्यें एका नामांकित नटाचीं खासगी छायाचित्रें जगभर पसरलीं; दुरुस्तीस दिलेल्या संगणकांतून कारागिरानें तीं उतरून घेतलीं होतीं, आणि २००९ सालीं त्याला कैद झाली. एका हातानें कर्तव्य केलें, दुसऱ्यानें विश्वासघात. पण दोघांनींही उघडलें तें सारखेंच यंत्र. कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२२ सालीं सोळा दुकानांत यंत्रें देऊन पाहिलीं. सहा ठिकाणीं कारागिरांनीं खासगी मजकूर चाळला होता आणि दोन ठिकाणीं तो उतरूनही घेतला होता.

आपल्या २०१२ च्या बालसंरक्षणाच्या कायद्यानें अशा अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकास ती कळविणें बंधनकारक केलें आहे. हॉटेलें, रुग्णालयें, स्टुडिओ, छायाचित्रणाचीं दुकानें यांचा तर त्यांत नांवानें उल्लेख आहे. फोटो धुणारा कायद्याला आठवला. फोन उघडणारा नांवानिशीं आठवला नाहीं.

मग सर्वांना परवाना सक्तीचा करावा काय? हा प्रयोग अमेरिकेंतील टेक्सास राज्यानें करून पाहिला. २००७ सालीं तेथें खासगी गुप्तहेरांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, लोकांना खुली नसलेली संगणकांतली माहिती तपासून तिचें विश्लेषण करणें हें गुप्तहेराचें काम ठरविण्यांत आलें. व्हायरस कोठून आला हें पाहणारा साधा दुरुस्तीवालाही त्या जाळ्यांत सांपडेल, या भीतीनें २००८ सालीं दावा लागला. त्याच वर्षीं ऑगस्टांत अमेरिकन बार असोसिएशननें ठराव केला, कीं संगणकीय न्यायवैद्यक काम करणाऱ्यांकडे गुप्तहेराचा परवाना मागूं नये. मला हें म्हणणें योग्य वाटतें. माणसाच्या पाळतीवर राहण्याची विद्या निराळी आणि डिस्क वाचण्याची निराळी. एकीचा परवाना दुसरीच्या कौशल्याची खात्री देत नाहीं.

आपल्याकडे २००५ सालीं खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा झाला. खासगी गुप्तहेर संस्थांसाठीं २००७ सालीं राज्यसभेंत विधेयक आलें, पण त्याचा कायदा झाला नाहीं. दुरुस्तीच्या दुकानाला लागू पडे तो १९४८ चा दुकानांचा कायदा, आणि आतां त्याच्या जागीं आलेला २०१७ चा. तो कामाचे तास, रजा, नोकरांची संख्या पाहतो. मेजावर काय उघडलें जातें हें पाहणें त्याचें काम नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानेंही माणसानें स्वतःच्या वा घरच्या कामासाठीं वापरलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

परवान्याचा आणखी एक धोका आपल्या समाजांत आहे. नगर, श्रीरामपूर, संगमनेर येथें जीं मुलें थोड्या शिक्षणावर आणि पुष्कळ हातखंड्यावर हा धंदा करतात, त्यांच्यापुढें आणखी एक कचेरी आणि आणखी एक शुल्क उभें करून गिऱ्हाइकाचें गुपित सुरक्षित होणार नाहीं. परवान्याचा कागद भिंतीवर लागेल आणि पासवर्डाची चिठ्ठी मेजावरच राहील.

माझ्या मतें हवी आहे ती कर्तव्याची एक लहानशी संहिता, जी पावतीच्या मागील बाजूस छापतां येईल. यंत्र घेतांना तें कोणत्या स्थितींत होतें आणि काय काम करावयाचें, हें लिहून द्यावें. कामाला लागेल तेवढेंच उघडावें. मजकुराची प्रत काढावी लागली तर तसें सांगून काढावी आणि यंत्र परत देतांना ती नष्ट करावी. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकास परत द्यावा. आणि ‘यांत कोर्टाच्या कामाचें कांहीं आहे काय?’ हा एक प्रश्न आरंभींच विचारावा. उत्तर होय असेल, तर हात न लावतां तें यंत्र जाणत्या परीक्षकाकडे पाठवावें. जो या रीतीनें वागेल त्याची नोंद न्यायालयानें विश्वासानें वाचावी. जो वागणार नाहीं त्याला २००० च्या कायद्यांतलीं कलमें आहेतच. परीक्षकासाठीं मात्र योग्यतेची निश्चित कसोटी हवी, कारण त्याच्या सहीवर दुसऱ्याचें स्वातंत्र्य अवलंबून असतें.

आणि गिऱ्हाइकाचेंही कांहीं कर्तव्य आहे. शक्य असेल तेव्हां आपल्या मजकुराची एक प्रत आधींच घरीं ठेवावी, पासवर्ड दिला असेल तर काम झाल्यावर लगेच बदलावा आणि पावती मागण्यास संकोचूं नये.

आरंभीं सांगितलेल्या महजराकडे एकवार पुन्हां पाहूं. बलुतेदाराजवळ सरकारी परवाना नव्हता. पण गांवांत त्याचा हक्क ठरलेला होता आणि काम ठरलेलें होतें. म्हणून त्याच्या हत्याराची निशाणी कागदावर आली तेव्हां तिला वजन होतें. आजच्या दाखल्याचा ‘ब’ भाग ही तशीच एक मोकळी सोडलेली जागा आहे. तेथें कोणाची निशाणी यावयाची आणि त्या हातानें आधीं कोणते नियम पाळलेले असावेत, हें ठरविण्याचें काम आपल्या पिढीकडे आलें आहे.